माझ्या आधी आई जेवत नाही

पोट कापून घ्यायचं मी ठरवलं ते आईसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण दुकानातल्या बायका अजून मला विचारतात, "या वयात कोणासाठी बारीक झालीस गं?" आणि एकमेकींकडे बघून डोळे मिचकावतात. अगं मेल्यांनो, पन्नाशी उलटली माझी. दादरला मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे निम्मं आयुष्य उभं राहण्यात गेलं. साडीचा काठ नुसता दाखवा, कुठल्या रंगाचा ब्लाउज पीस लागेल ते मी न उलगडता सांगते. लग्न झालं नाही. घरी मी आणि आई, लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आई गॅलरीतून संडासाकडे जाताना पडली. चाळीत संडास शेवटी असतात, आणि तिथली लादी कायम ओली. मी धावले. धावले म्हणजे काय, एकशे एकवीस किलोची बाई जेवढी धावेल तेवढी. तिला धरायला वाकले आणि तशीच अडकले, ना वर येता येईना ना खाली बसता येईना. आई खाली विव्हळतेय आणि मी तिच्यावर कमानीसारखी उभी. शेवटी चाळीतल्यांनी आधी मला बाजूला केलं आणि मग तिला उचललं. तिचं हाड वाचलं, पण त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की समोरच्या वहिनींनी आणलेला चहा मी तसाच मोरीत ओतला. उद्या ही परत पडली आणि चाळीत कोणी नसलं तर?

गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा. वजन उतरवायला चाला. चालायला गुडघे हवेत. वा! वर शुगर होतीच. मग परळच्या एका हॉस्पिटलातल्या सर्जननी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवायची, बाकीची काढून टाकायची. मी म्हटलं, काढा.

आई तोवर विसरायला लागली होती. गॅस बंद केला का, आंघोळ झाली का, बाबा जाऊन किती वर्षं झाली, काही धड आठवायचं नाही. एकच गोष्ट पक्की होती. मी दारात पाय ठेवला की आपल्या मालवणीत विचारायची, "जेवलंस काय गो?" आणि मी जेवायला बसल्याशिवाय स्वतःचं ताट पुढे ओढायची नाही. हे आजचं नाही. मी शाळेत होते तेव्हापासून हेच. मला उशीर झाला की ती झाकलेल्या ताटाजवळ बसून राहायची, आणि मी चिडायचे. "तू जेवून घे ना, मी काय लहान आहे?" दर वेळी हेच म्हणायचे, आणि दर वेळी ती थांबलेलीच असायची.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं होतं. ताक, गाळलेलं सूप आणि ती प्रोटीनची पावडर, जी पाण्यात ढवळली की भिंतीला द्यायच्या रंगासारखी दिसते. डाएटिशियन म्हणजे एक काडीसारखी मुलगी. ती गोड आवाजात म्हणाली, "घरच्यांना विश्वासात घ्या, मॅडम." घरचे म्हणजे आई. तिला काय सांगणार, पोट कापायचंय म्हणून? मी आपली सोपी वाट धरली. म्हटलं, आई, आज माझा उपवास आहे.

इथेच चुकलं. आईने मान डोलावली आणि स्वतःचं ताट उचलून ठेवलं. लेकीचा उपवास म्हणजे तिचाही. सोमवार झाला, मंगळवार झाला. बुधवारी तिने मला विचारलं, "आज खयच्या देवाचो?" मला हसू आलं आणि रडूही. तीन दिवस ती म्हातारी माझ्याबरोबर ताकावर होती आणि माझ्या टाळक्यात उजेड पडायला बुधवार उजाडावा लागला. मग मी दुसरी थाप मारली. दुकानातच जेवून आले, म्हटलं. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "ह्या माका शिकवू नको," म्हणाली. "संपात मीच सांगी, शेजारी जेवन इलंय म्हणान."

मला खरंच ठाऊक नव्हतं. बाबांच्या मिलचा संप झाला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई संध्याकाळी म्हणायची, मी पलीकडच्या खोलीत जेवले, तुम्ही जेवा. बाबा आणि मी जेवायचो. मला वाटायचं, पलीकडच्या काकू फार प्रेमळ आहेत.

ऑपरेशन नीट झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जाग आली तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं दुखतं म्हणे, आणि नर्स मला लगेच कॉरिडॉरमधून चालवत होती. औषधाच्या टोपणाने पाणी प्यायचं, एक टोपण, मग थांबायचं, मग दुसरं. माझ्यासारख्या बाईने, जिला चहासुद्धा पेला भरून लागायचा! तीन दिवसांनी घरी आले. आईला वहिनींनी सांभाळलं होतं. "नुसता चहा आणि पाव, ताई," वहिनी म्हणाल्या. "ताट पुढे ठेवलं की दाराकडे बघत बसायच्या."

मग मी महिनाभर रजेवर. खोलीत आम्ही दोघी समोरासमोर, थाप मारायची सोयच नाही. पहिले दोन आठवडे मी वाटीभर पेजेचं पाणी अर्धा तास घ्यायचे. आईही तेवढंच घ्यायची. पुढे मऊ खायची परवानगी मिळाली तेव्हा मी तीन चमचे वरणभात कालवून घेतला. आईने माझ्या वाटीत डोकावून पाहिलं, स्वतःच्या ताटातला भात परत पातेल्यात टाकला आणि तीन घास ठेवले. "तांदूळ सोपले काय गो?" तिने हळूच विचारलं. मी उठून तांदळाचा डबा तिच्यासमोर आणला, झाकण काढलं, तिचा हात धरून आत घातला. "हे बघ, भरलेला आहे. जेव." तिने मूठभर तांदूळ उचलून बघितले आणि परत सोडले. "असूंदे. पुरवन खावया."

मी ओरडले. खोटं कशाला बोलू, खूप ओरडले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, हाडं वर आलेल्या बाईवर मी ओरडले की तुझ्यापायी मी पोट कापून घेतलं आणि तू उपाशी मरायला निघालीस! ती भेदरली. पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तू खा मगे. तू खाल्लंस की मी खातंय."

बरं, म्हटलं, खाते. वाटी भरून भात घेतला आणि तिच्यासमोर बसून घास घास खाल्ला. चौथ्या घासालाच छातीत दगड बसला. तरी खात राहिले, कारण ती खात होती. दोघी मिळून आम्ही वाटी संपवली. ती खूश झाली. मी मोरीत ओणवी झाले आणि सगळं बाहेर आलं. टाक्यांवर हात दाबून ओकत असताना पाठीवर तिचा हात फिरत होता. दुसऱ्या दिवशी डाएटिशियनने फोनवर मला झापलं. टाके उसवले असते, लीक झालं असतं, तुम्ही शिकलेल्या आहात ना मॅडम. सगळं बरोबर होतं तिचं. मी विचारलं, मग आईचं काय करू? ती म्हणाली, "त्यांना कोणा नातेवाइकांकडे ठेवता येईल का?" नातेवाईक! असते तर ऑपरेशन कशाला केलं असतं?

वाट वहिनींनी सुचवली. "आपल्या आयांना अन्न टाकलेलं बघवत नाही, ताई. तुम्ही भरपूर वाढून घ्या आणि तसंच टाका." तसं केलं. भरलं ताट घेतलं, चार चमचे खाल्ले, ताट सारलं आणि म्हटलं, मला नको, टाकून देते. आई कडाडली. "टाकतंस? माज इलो काय?" आणि माझं ताट ओढून माझं उष्टं सगळं खाल्लं. माशाचा काटासुद्धा चोखला. मला शिव्या देत जेवली, पण जेवली. त्या दिवशी मी गॅलरीत जाऊन रडले, आनंदाने. पुढे पाच-सहा महिने आमचं असंच चाललं. ती रोज मला माजोरी म्हणायची आणि रोज पोटभर जेवायची. देवा, एवढ्यावर भागत असेल तर आयुष्यभर शिव्या खाईन, असं मी मनात म्हणायचे.

इकडे मी उतरत होते. केस मूठमूठ गळले. गालांची हाडं दिसायला लागली, ती मला आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं. शुगरची गोळी बंद झाली. तीन मजले मी न थांबता चढायला लागले. हॉस्पिटलात चेकअपला गेले तेव्हा सर्जननी टाळी दिली आणि म्हणाले, नवीन फोटो काढून घ्या, जुन्या ओळखपत्रावर तुम्ही वाटत नाही. मी हसले. दुकानात येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना मी सांगेपर्यंत कळायचं नाही, आणि मला त्याची मजा वाटायची. काय मेली अक्कल माझी.

गणपती उठले त्याच आठवड्यात एका दुपारी मी ताट सारलं, टाकून देते म्हटलं. आई कडाडली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी ताट तिच्याकडे सरकवलं तर अंग चोरून मागे सरली. वहिनी दारात होत्या, त्यांना म्हणाली, "ही बाई कोण गो? माका आपला उष्टा देता."

मी म्हटलं, आई, मी, तुझी लेक. तिने मान हलवली. "माझा चेडू जाडा आसा," तिने मला समजावून सांगितलं, अगदी सभ्यपणे, परक्या बाईशी बोलतात तसं. "दादराक कामाक जाता. येवंदे, मगे जेवतंय."

मी तिला माझा जुना फोटो दाखवला. ती म्हणाली, होय, ह्याच माझा चेडू, आणि फोटोवरून बोट फिरवत राहिली. मी तिचा हात माझ्या गालावर ठेवला, तिने तो काढून घेतला. जुना गाऊन घातला, तो माझ्या अंगावर तंबूसारखा लोंबत होता. आईने वहिनींना विचारलं, हिने माझ्या लेकीचे कपडे का घातले? आईचे डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार असाच पुढे जातो, तुम्ही जाड राहिला असतात तरी हा दिवस आला असता. आला असता, मान्य. पण आणखी वर्षभर तरी तिने मला ओळखलं असतं की नाही, हे ते सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. तोंड गेलं, पोट गेलं, आता परतही मिळत नाही. कापलेलं पोट कोण शिवून देणार?

चार दिवस तिने जवळजवळ काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि तिथूनच वहिनींना हाक मारली की चिमटे आहेत का जादा. आतून आईचा आवाज आला, "इलंस?" मी जागच्या जागी थांबले. वहिनी आत होत्या. त्यांनी मला हाताने बाहेरच थांबवलं आणि खुणेने सांगितलं, बोला. मी भिंतीला टेकून म्हटलं, "हो, आले गं आई."

"जेवलंस काय?"

"जेवतेय. इथेच बसलेय. तू पण घे."

आत ताट ओढल्याचा आवाज आला.

आता रोज असंच चालतं. दुकानात मी दुपारपाळी मागून घेतली आहे. सकाळी स्वयंपाक करते तेव्हा आई मला कामाची बाई समजते, मीठ कमी घाल म्हणून बजावते. मग वहिनी तिचं ताट वाढतात आणि मी माझी वाटी घेऊन बाहेर, दाराच्या आड, गॅलरीत बसते. पाच मिनिटांत माझं खाणं उरकतं. उरलेला वेळ नुसती चमचा वाटीवर वाजवत बसते, म्हणजे तिला वाटावं मी अजून जेवतेय. ती आतून बोलत असते. आज गर्दी होती काय, उभं राहून पाय सुजले असतील, मासे घे आणखी. मी हो हो म्हणते. येणारे-जाणारे माझ्या पायांना वळसा घालून जातात, कोणी काही विचारत नाही.

काल भात संपत आला होता तिचा. वहिनी म्हणाल्या, आज सगळं जेवल्या, ताई. तेवढ्यात आईने आतून हाक मारली. "भायर कित्याक बसलंस गो? आत ये. किती दिवस झाले, तोंड बघूक नाय तुझा."

मी चमचा वाजवत राहिले. म्हटलं, "तू जेव आधी."