लेबलाजवळची ओळ

आईच्या आवाजाची एकच खूण जगात उरली आहे. ती कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या, गाण्यांच्या एका लहान रेकॉर्डवर, अगदी शेवटी, लेबलाला खेटून आहे. पारोळ्याच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला एकेकाळी हौस आली आणि आमच्या गावातल्या सात-आठ बायका मुंबईला नेऊन त्याने ती रेकॉर्ड काढून आणली. सगळ्या बायका एका सुरात गातात. त्यातली आई ओळखायची म्हणजे बाजार समितीच्या ढिगातून आपला गहू ओळखायचा. पण शेवटी, कानबाईला निरोप देताना, एक ओळ ती एकटी म्हणते. पुढल्या साली लवकर येजो, माय. आमच्याकडे जाणाऱ्याला कोणी 'जा' म्हणत नाही, 'येजो' म्हणतात.

आई गेली तेव्हा घरात फोन होता, पण तो भिंतीवर टांगलेला, आणि आवाज साठवून ठेवणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला असते. तिचा डावा कान गेला आहे आणि उजव्याबद्दल डॉक्टर 'बघू' म्हणतात. डॉक्टर 'बघू' म्हणाले की बघण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मध्यंतरी फोनवर ती म्हणाली, "भाऊ, मायना आवाज मन्हा ध्यानमा नही ऱ्हायना रे. चेहरा दिसतो, तोंड हलतं, आवाज नाही." मग म्हणाली, "ती रेकॉर्ड तुन्हाकडे शे ना? कान जावाना आगोदर एकदा ऐकू दे."

मी जळगावात एक जुना टर्नटेबल मिळवला. रेकॉर्ड शुद्ध पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुतली. पाणी गुलाबी झालं. लेबलाचा रंग सुटला असेल म्हणून ते मोरीत ओतून दिलं. रेकॉर्ड लावली. गाणी बरी वाजली, पण आईची ओळ आली आणि कोणीतरी पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज झाला.

कोणीतरी मला एका डाळमिलवाल्या शेठजींकडे पाठवलं. त्यांनी घरात गाणं ऐकण्याची स्वतंत्र खोली केली आहे. भिंतींना स्पंज आणि मधोमध एकच खुर्ची. खरं संगीत त्या खुर्चीतूनच ऐकू येतं, असं सांगून ते स्वतः खुर्चीत बसले. मला त्यांनी काच फुटल्याची एक परदेशी रेकॉर्ड ऐकवली.

"सर, काच कुठे फुटली?"

"डावीकडे."

"डावीकडे नाही. डावीकडे, मागे." आणि माझी कीव करून ते हसले.

पण माझं दुखणं ऐकल्यावर ते म्हणाले ते खरं होतं. रेकॉर्ड कापणारी सुई सरळ रेषेत चालते आणि आपली सुई दांडीला बांधलेली, म्हणून कमानीत फिरते. त्यामुळे ती खोबणीत बरोबर बसते ती फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे चालवून घ्यायचं. चूक सगळ्यात जास्त छळते ती शेवटी, लेबलाजवळ. "तुमची कार्ट्रिज, सुई धरणारी डबी, वाकडी बसलीय सर. केसाएवढा फरक!" त्यांच्या डोक्यावर उदाहरणापुरताही केस नव्हता. पण त्यांनी दोन बिंदू आणि बारीक रेघांची जाळी छापलेलं एक कार्ड मला दिलं, आणि मी आशेला लागलो. या वयात दुसरं कुठलंही व्यसन परवडलं असतं.

ते काम असं. कार्ट्रिज धरणारे दोन चिमुकले स्क्रू सैल करायचे, ती किंचित पुढेमागे सरकवायची, सुई कार्डावरच्या बिंदूवर टेकवायची आणि भिंगातून पाहायचं की कार्ट्रिज रेघांना समांतर आहे का. पहिल्या बिंदूवर जुळलं की दुसऱ्यावर बिघडतं. दुसऱ्यावर जुळवलं की पहिला उठून जातो. भाऊबंदकीच्या बैठकीसारखंच. मग स्क्रू आवळताना सगळंच सरकतं. शेवटी एकदा दोन्ही बिंदू कबूल झाले. दांडीचा भार कमी केला, फिरवून पाहिलं. शेवटच्या ओळीआधीच मी सुई उचलली. ती ओळ अक्काबरोबरच ऐकायची होती.

रविवारी अक्का दुपारच्या एसटीने आली. चहाला नाही म्हणाली. स्पीकरला उजवा कान लावून बसली. मी सुई ठेवली.

एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं. बांगड्या वाजल्या. टाळ धरणारीची लय चुकली. मग एक खोकला.

"हाई आपली काकू!" अक्का हसायला लागली. "मुंबईले जाईसन बी खोकनी!"

मग बायका गप्प झाल्या. अक्काने डोळे मिटले. आईची ओळ आली.

पत्र्यावर वाळू. या वेळी अगदी स्वच्छ, कणन्‌कण वेगळा ऐकू येणारी वाळू.

"परत लाव," अक्का म्हणाली. मी परत लावली. मग तिने रेकॉर्ड मागितली आणि लेबलावरच्या तांबूस डागावर अंगठा ठेवला. तो बरोबर बसला.

"हाई काय शे, माहीत आहे?"

"डाग."

"कुंकू शे रे."

मग मलाही आठवलं. श्रावणात कानबाई बसली की रेकॉर्ड चौरंगाशेजारी ठेवायचे. जिच्यात देवीचं गाणं ती देवीच, म्हणून आई तिला हळदकुंकू लावायची. मधल्या कागदावर अंगठ्याने, ठासून. उरलेलं कुंकू भोवतीच्या खोबणीत सांडायचं. लगेच दादा, आमचे वडील, ती लावायचे, आणि सुई उडू नये म्हणून दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचे. दरवर्षी आम्ही हात जोडून उभे राहत होतो आणि देवघरासमोर जातं फिरत होतं, आईची ओळ दळत. ते गुलाबी पाणी मोरीतून केव्हाच गेलं होतं.

कार्ट्रिज चोख बसली होती. जे उरलं होतं ते तिने चोख वाजवलं होतं.

अक्काने रेकॉर्ड माझ्या हातात परत दिली. मग हळूच तिने सूर धरून पाहिला. "येजो..."

माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली.

"आसं नही व्हतं," तीच म्हणाली.

तिने 'ये' थोडा लांबवला. पुन्हा थांबली. मग म्हणाली, "तू म्हन."

मी 'येजो' म्हटलं. अक्काने उजवा कान पुढे केला होता. ती ऐकत राहिली, आणि नंतर तिने पिशवी उचलली. पाचची धुळे गाडी गाठायची होती.