कागलापर्यंतचं रॉक

रॉक संगीताबद्दल माझी मतं ठाम आहेत, पण ती सगळी कागलच्या अलीकडची आहेत. कारखान्याच्या गेटाच्या पुढे एखाद्या अल्बमचं काय होतं, ते मला विचारू नका.

माझा भाचा शिकायला परदेशी गेला, तेव्हा माझ्या गाडीसाठी एक पेन ड्राइव्ह भरून देऊन गेला. त्यात ढीगभर रॉक अल्बम होते. नाव एकालाही नव्हतं, नुसते आकडे. ताकीद मात्र होती. "मावशी, अल्बम पहिल्यापासून ऐकायचा, मधूनच सुरू करायचा नाही." मी कारखान्यात क्वालिटी खात्यात, त्यामुळे लेखी-तोंडी कुठलीही सूचना पाळायची खोड लागलेली. आता शाहूपुरीतून कागलच्या एमआयडीसीत पोचेपर्यंत अल्बम निम्म्याच्या जरासा पुढे जातो. मग गेट येतं, मी किल्ली फिरवते आणि गायक आ वासून तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी मधून सुरू करायचं नाही, म्हणून दुसरा अल्बम. असं वर्षानुवर्षं चाललं.

येताना उरलेलं का ऐकलं नाही? कारण येताना गाडीतला आवाज अण्णांचा असायचा. अण्णा आमच्याकडे स्टोअर सांभाळायचे आणि माझ्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. पाठीनं स्कूटरला नकार दिल्यापासून ते रोज माझ्या शेजारी डबा मांडीवर घेऊन बसत. गाव त्यांचं निपाणीकडचं, घरात अर्धं बोलणं कानडी, आणि धाकट्या बहिणीला कानडीत म्हणतात तसं ते मला तंगी म्हणायचे. पेन ड्राइव्ह पहिल्यांदा वाजला त्याच दिवशी त्यांनी तंगीला नियम घालून दिला. "जाताना तुझं, येताना माझं." त्यांचं म्हणजे रेडिओ.

अल्बमांना नावं नसल्यामुळे आम्ही त्यांना रस्त्यावरून ओळखायचो. एक उचगावच्या पुलावर ड्रम सुरू होणारा. एक गोकुळ शिरगाव आलं की रडायला लागणारा. एकात तर गिटार अशी लांबते की कणेरीवाडी येते, मागे पडते, तरी त्या माणसाला थांबावंसं वाटत नाही. हा माझा सगळ्यात लाडका. अण्णांचं मत वेगळं होतं.

"आपल्या शॉपमधी ग्राइंडर असाच वाजतोय की. त्याला कोण टाळ्या वाजवत न्हाय."

गायक फारच ओरडायला लागला की ते माझ्याकडे वळून चौकशी करायचे. "पावणं एवढं कशानं तापलंय? बोनस झाला न्हाय काय?" आणि पुढचं गाणं संथ निघालं की म्हणायचे, "दमला बघ. मगाशी एवढं वरडायचंच कशाला?" खरं तर हे मला पटायचं, पण मी तोंड वाकडं करून गाडी चालवत राही.

संध्याकाळी ऐकून घ्यायची पाळी माझी. रेडिओवर बातम्या लागल्या की गाडीत कुणी खोकायचंसुद्धा नाही. गुळाचे भाव आले की आवाज वाढवायचा, जाहिरात आली की कमी करायचा. निवेदिकेनं "काय मंडळी, कसे आहात?" असं विचारलं की अण्णा "बरं हाय की" असं उत्तर देत, आणि खासगी स्टेशनवरची पोरगी सलग बोलत सुटली की त्यांना तिची काळजी वाटे. "हिला श्वास घ्याय कोण देत न्हाय वाटतं." जुनं गाणं लागलं की सुरुवातीच्या तुकड्यावरूनच ते पिक्चरचं नाव सांगायचे. चुकलं तर म्हणायचे, "त्यांनीच दुसरं लावलंय." मी हसले तर खिडकीबाहेर बघत बसायचे.

अण्णांच्या तोंडून कौतुक निघायचं ते दोनच शब्दांत: "वाईट न्हाय." वहिनींची मेथी, नातवाचा निकाल, दिवाळीला रंगवलेलं घर, सगळ्यांची किंमत तेवढीच, आणि ज्याला ती मिळायची तो खूश असायचा. मला माझ्या एका तरी अल्बमला ते 'वाईट न्हाय' मिळवायचं होतं. त्या नावं नसलेल्या गायकांचं मला काही पडलेलं नव्हतं. अण्णांनी माझ्या आवडीला एकदा तरी मान डोलवावी, एवढंच होतं.

त्यांची निवृत्ती जवळ आली तसा मला धीर धरवेना. शेवटच्या महिन्यात मी निवडक माल काढला. एखादं बरं गाणं येतंय असं दिसलं की गेटापाशी गाडी मुद्दाम रेंगाळवायचे. वॉचमन दार उघडून ताटकळायचा. अण्णा म्हणायचे, "उघडलंय नव्हं? आत घाल की." शेवटच्या सकाळी कणेरीवाडीची गिटार लावली. अण्णांनी पूर्ण वेळ डोळे मिटले होते. मला वाटलं, लागली समाधी. गेटात घोरणं ऐकू आलं.

निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. मी त्या पेन ड्राइव्हची नक्कल करून दिली, थट्टेनंच. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. "ह्याचं काय करू? शाळवात पाखरं राखाय बांधू?" सगळे हसले, मीही हसले. ते गावी शेतावर राहायला गेले.

त्यानंतर जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाडी माझीच झाली. आता येताना अल्बमचा उरलेला भाग ऐकायला कुणाची आडकाठी नव्हती. पण संध्याकाळी हात आपोआप रेडिओकडे जायचा. निवेदिका विचारायची, "काय मंडळी, कसे आहात?" आणि गाडीत कुणी उत्तर देत नसे. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एकदा मीच पुटपुटले, "बरं हाय की," आणि शेजारच्या रिकाम्या सीटचा राग आला.

थंडीत एका सकाळी, गाडी गेटात लावत होते तेव्हा अण्णांचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"तंगी, ते तुझं लावलं गं. पोराच्या ट्रॅक्टरवर. रोज येक."

"पाखरं गेली का?"

"पाखरं कुटली जात्यात? बसल्यात ऐकत." मग म्हणाले, "येकूण येक शेवटापतोर ऐकलं. म्होरल्या भागात काय दम न्हाय बघ कशात."

मी म्हटलं, "असेल. मी कुठं ऐकलाय?"

"नकोच ऐकू," अण्णा म्हणाले. "कागलापतोरचं वाईट न्हवतं."