लंडनचं सुतक

उल्हास जगदाळे मूळचा कोरेगावकडचा. नोकरीला जपानात, तोयोसुत. तिथं कंपन्या लई, पण ह्याच्या वाट्याला मढ्यांचं काम आलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळी लंडनच्या एका चर्चच्या हद्दीत कोण कशानं मेलं, त्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या. पटकी, गोवर, विषमज्वर, घटसर्प. शेजारी मोरिता-सान हेच काम करायचा आणि दुपारी डबा चाटूनपुसून खायचा. उल्हासला मात्र घास उतरंना.

घरी आला की दारातनंच ओरडायचा, "कुणी शिवू नका!" आणि थेट न्हाणीत. मढं पोचवून आल्यागत कपड्यांसकट डोक्यावरनं पाणी.

बायको विभा पुण्याची. तिनं सोसलं. पण गणपतीच्या सकाळी मखर सजलं, सुटकेसमधनं आणलेली मूर्ती पुढं आली, आणि हा कोपऱ्यात हात बांधून उभा.

"मी नाही बसणार. काल एका घरातली चार पोरं गेली. सुतक आहे आपल्याला."

"काल? दीडशे वर्षं झाली! आणि तुझे कोण लागतात रे ते?"

"कोण नसले म्हणून काय? माझ्या हातनं गेले."

सुतक म्हटलं की सगळ्या घराला. म्हणजे गणपती बसणारच नाही. लेक रुचा मोदकांकडं बघत "पापा, हायाकु, हायाकु!" म्हणजे लवकर, लवकर, असं जपानीत म्हणून त्याला ढकलत होती. विभानं सरळ गावी सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. तात्या गोठ्यात धार काढत होते.

"तात्या, इंग्रज मेला तर जगदाळ्यांना सुतक लागतं का?"

"भाऊबंद हाय का त्यो?"

"नाही."

"बांधावरनं कधी भांडलाय?"

"नाही हो."

"मग कसलं सुतक? बसीव त्याला पाटावर."

उल्हास जरा सैल झाला. तरी म्हणाला, "बारकी पोरं हो, तात्या."

"कशानं गेली?"

"पटकीनं. संडासाचा खड्डा हिरीला लागून होता."

धार थांबली. तात्यांनी फोन पेंढीवर टाकला. पडद्यावर नुसतं म्हशीचं नाक. त्यांचा धाकटा भाऊ बाळासाहेब आज हिरीकडंच संडासाचा खड्डा घेणार होता.

"ए बाळासाहेब! टिकाव ठेव! लंडनात माणसं मेल्यात!"

"कवा?"

"मेल्यात म्हणतोय न्हवं! कवा कशाला इचारतोस? लांब खण!"

विभानं फोन पालथा घातला आणि उल्हासच्या हातात पळी दिली. उल्हास बसला. आचमनाचं पाणी मात्र आधी नाकाशी नेऊन हुंगलं, मग प्याला.