सभामंडपातली दुपार

फोन आला तेव्हा मी सेनगावला पंचायत समितीच्या बैठकीत होते. आमचे सरपंच विनायकराव गेले... शेतातून येऊन बाजेवर टेकले, ते उठलेच नाहीत. थंडी नुकती सरत होती.

पुसेगावजवळच्या त्या लहानशा गावात मी ग्रामसेविका. विनायकरावांचं घराणं महादेवाच्या पुजाऱ्यांचं. हवामान बदलासाठीचा गावाचा आराखडा आम्ही दोघांनी मिळून केला. असे आराखडे बहुधा कपाटात जातात. त्यांनी तो पारावर बसून गावाला मोठ्यानं वाचून दाखवला. टिनाच्या छतांना चुना मारून घेतला, रोजगार हमीचं काम भल्या सकाळी सुरू केलं. अडलं ते एकाच ओळीपाशी : दुपारी मजुरांना थंड जागा. आदल्या वर्षी हळदीच्या वावरात एक बाई उन्हानं कोसळली होती आणि हिंगोलीला पोचण्याआधीच गेली होती. नवी इमारत बांधणं शक्य नव्हतं. गावात थंड जागा एकच, देवळाचा दगडी सभामंडप... आणि तो दुपारी कुलूपबंद.

ग्रामसभेनं ठराव केला. पण किल्ली विनायकरावांच्या थोरल्या भावाकडे, आणि त्यांचं म्हणणं, ही देवाच्या विश्रांतीची वेळ, आजोबांपासूनची रीत आहे. ठराव दाखवून किल्ली मागून घ्या, असं मी सुचवलं. विनायकराव म्हणाले, "मॅडम, ठरावानं कुलूप निघंल, पण दादाचं मन दुखंल. त्याच्याच हातानं उघडलं पायजे."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसू लागले. मजूर बाया भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत, हे उघड्या उन्हात. समोरच भावाचं घर. डोक्याला निदान उपरणं तरी बांधा म्हटलं, तर नुसते हसले. त्यांनी भावाला हाक मारली नाही, की कुणाकडे त्याची तक्रार केली नाही. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी दादा अनवाणीच बाहेर आले, कुलूप काढलं आणि धाकट्याला म्हणाले, "आत बस. ऊन लागंल." बाया जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमीबी या. लेकरायला घ्या आत."

गेल्या आठवड्यात दुपारी मी मुद्दाम गेले. रांजण भरलेला, गार फरशीवर बाया पडलेल्या. उंबऱ्याशी विनायकराव बसत, तिथं आता दादा होते. सरकून त्यांनी मला जागा दिली. मग त्यांनीच सांगितलं, शेजारच्या गावचे सरपंच येऊन गेले. त्यांनाही आपल्या गावात असंच करायचं आहे, कसं जमवलं म्हणून विचारत होते.

"मग काय सांगितलं?"

"म्हणलं, आधी उन्हात बसा."