मागून हाक

दहिवडीच्या मोटारस्टँडवर वडिलांनी माझ्या खांद्यावर नवं घोंगडं टाकलं आणि म्हणाले, "मास्तरकी कराय चाललायस, पर बाजार इसरू नगंस. गिऱ्हाईक अडून बसलं की उठायचं अन् चालाय लागायचं. मागनं हाक येतीया." मेंढरं विकून त्यांनी मला एम.ए. केलं होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सांगलीच्या कॉलेजात मला जागा मिळाली होती.

माझ्यासारखे माण तालुक्यातून बाहेर पडलेले तुम्ही कुणी गिरणीत गेलात, कुणी पलटणीत. पलटणीतल्यांच्या बाहीवर फीत चढली, ती साऱ्या गावानं पाहिली. माझं काय? बी.ए.चा इतिहास मी शिकवायचो आणि वेळापत्रकात नाव असायचं आमच्या दमेकरी प्रोफेसरांचं. मुलं मला सर म्हणत. स्टाफरूममध्ये मी 'ते दहिवडीचे'.

शेवटी प्रिन्सिपॉलांना गाठलं. म्हटलं, वर्ग माझा आहे तर नावही माझं लावा.

"अहो, काम तुम्हीच करता हे सगळ्यांना ठाऊक आहे. नावाचा हट्ट कशाला? शिवाय तुमची भाषा अजून जरा..."

"ठावं हाय तर लिवा की, सायेब!" रागात बोली निसटली. ते हसले. मी उठलो.

व्हरांड्यातून मुद्दाम हळू चाललो, वडील बाजारात चालायचे तसा. फाटक आलं. हाक आली नाही. शिकलेल्यांच्या बाजारात हाक मारायची रीतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा दिला.

वडिलांनी ऐकून घेतलं. "माघारी गेलास?"

"न्हाई."

"ब्येस केलंस." मग चिलीम झाडत म्हणाले, "पर त्यांचं अडलं हुतं का, ते आदी बघायचं रं."

अडलं होतं, असं मी आजही म्हणतो.

आता साताऱ्याच्या नव्या कॉलेजात दारावर माझ्या नावाची पाटी आहे. वर्गात बोली सुटली तर सुटू देतो. तरी कुठूनही निघताना फाटकापाशी पाय अडखळतो, कान मागं राहतात.

सुट्टीला माणात जातो. परतताना मोटार सुरू होते आणि म्हातारा धुरळ्यातून धावत ओरडतो, "आरं थांब रं, घोंगडं ऱ्हायलं!"

घोंगडं मी दर वेळी मुद्दाम विसरतो.