उपाशीपोटी, पण तोंडात सुपारी

आज मला एका सहकारी बाईंचा हेवा वाटला. अजून वाटतोय.

आमच्या अभ्यासात त्याच माणसांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं जातं. रक्तातल्या रसायनांचे आकडे तपासून संशोधकांसाठी तयार करणं हे माझं काम. श्रीवर्धनजवळच्या एका वाडीच्या नमुन्यांत एका रसायनाची ओळखच पटत नव्हती. दोन आठवडे शोधलं. शेवटी नमुने बिघडलेत असं धरून ते वगळायचं ठरवलं.

दुपारी सुषमाताई आल्या. वाड्यांवर जाऊन रक्त घेतात त्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही सुपारीच्या बागांतली माणसं. उपाशी या म्हटलं की चहासुद्धा घेत नाहीत. पण सुपारी कुठे खाण्यात धरतात?"

"मग फॉर्मवर लिहिलं का नाही?"

"तुमच्या फॉर्मात विचारलंय कुठे?"

पडताळून पाहिलं. रसायन सुपारीचंच होतं. मला त्या माणसांचे फक्त क्रमांक माहीत आहेत, ताईंना चेहरे.

संशोधकांसाठीच्या टिपेत मी लिहिलं, "पडताळणीत आढळले." वाक्य खरं आहे. त्यात ताईंचं नाव नाही.

फाइल अजून पाठवलेली नाही. तुम्ही नाव आपणहून घातलं असतं, की ताईंनी विचारायची वाट पाहिली असती?