सुतळीने बांधलेला सेट

अमळनेरच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या मांडीवर एक खोका ठेवला. सुतळीने चारदा आवळलेला. आत सहा कप, सहा बश्या, एक किटली. "सेट झालास की मला बोलाव. यातला पहिला चहा मी करीन. तोवर सुतळी सोडायची नाही." इंदूरला पोचेपर्यंत मी तो खोका तान्ह्या पोरासारखा धरून बसलो होतो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, या 'सेट'ने मला जितकं फसवलं तितकं कुणी फसवलं नाही. इंदूरजवळ पीथमपूरच्या कारखान्यात माझं कामच मशीन सेट करायचं. तिथे एक सूतही इकडचं तिकडे चालत नाही. आमचे घरमालक मराठीच, पण तीन पिढ्या इंदूरच्या. त्यांच्या तोंडी सेट म्हणजे निव्वळ दिलासा. "टेन्शन नका घेऊ भिया, दोन महिन्यात सब सेट होऊन जाईल." बायकोचं दही फ्रीजमध्ये सेट होई, मुलीच्या क्लासच्या नोट्सचे सेट येत. मी तेवढा होत नव्हतो.

दर रविवारी आई फोनवर विचारायची, "झालास का सेट?" मी म्हणायचो, "बस, थोडं राहिलंय." आधी नोकरी पक्की व्हायची होती, मग फ्लॅट, मग तिच्यासाठी वेगळी खोली. खरं सांगतो, एका पलंगापुरती जागा पहिल्या वर्षीही होती. मला तिला मिरवून दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. अशी चौदा वर्षं गेली.

गेल्या दिवाळीनंतर तिला आणलं. सेट झालो म्हणून नव्हे. शेजारच्या काकूंचा फोन आला, की ती गॅस चालू ठेवून बाहेर पडते आणि मग स्वतःचंच दार तिला सापडत नाही. गेलेलं आता परत येणार नाही, असं इथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

परवा मी सुतळी कापली. कप धुतले, चहा केला, बशीसकट तिच्यापुढे धरला. तिने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"अहो, मला साध्या कपात द्या. हे माझ्या मुलाचे आहेत. इंदूरला असतो तो."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही ओळखता त्याला? सेट झाला का हो तो?"

"होतोय," मी म्हणालो. "थोडं राहिलंय."

"मग थांबते मी."

तिच्यासमोरच मी कप पुसून खोक्यात ठेवले आणि सुतळीला गाठ मारून तो पुन्हा बांधला. तेव्हा कुठे तिने स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला.

घर कुठे, असं विचाराल तर अमळनेरच्या दाराला कुलूप आहे. आणि इथे, माझ्याच घरात बसून, आई माझ्या बोलावण्याची वाट बघते आहे.